उबंटू लोगोवरच अडकून राहिला, ऑर्का बोलून नाही राहिला

संत्रा_टर्मिनल (नागपूर):
मंडळी, मला दिसत नाही, उबंटू लिनक्सवाला लॅपटॉप पूर्ण ऑर्कावर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर चालवतो. काल अपडेट मारलं, आज चालू केला तर लॉगिनचा तो ढोलासारखा आवाजच येऊन नाही राहिला, आल्ट-सुपर-एस दाबलं तरी ऑर्का ढिम्म, नुसता पंखा फिरून राहिला. पुतण्याला विचारलं तर म्हणे काका, आधी लोगो, मग बऱ्याच वेळाने काळ्या स्क्रीनवर पांढरं इंग्रजी, एवढं सांगून पळाला ट्यूशनला. बर्डीवरचा दुकानवाला म्हणते फॉरमॅट करून विंडोज टाका. ते नाही करायचं. काय करू?

ग्रबवाला:
ग्राफिक्सचा घोळ आहे, एनव्हिडिया असेल तर नक्कीच. ग्रब मेनूत (लॅपटॉप चालू होताना उबंटूच्या आधी येते तो) ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, मग कंट्रोल-एक्स.

कान_उघडे:
अहो ग्रबवाले, ग्रब बोलते कुठं? मी पण स्क्रीन रीडरवालाच, ती ओळ अंदाजाने शोधणं म्हणजे डोक्याला ताप. आणि पांढरी अक्षरं दिसून राहिली म्हणजे डिस्प्ले जिवंत आहे. संत्राभाऊ, मोबाइलवर सीइंग एआय (कॅमेऱ्यातलं वाचून दाखवणारं अ‍ॅप) असेल तर कॅमेरा स्क्रीनसमोर धरून ते इंग्रजी वाचून घ्या. आणि बाहेरची हार्ड डिस्क काढली का एवढ्यात?

संत्रा_टर्मिनल:
वाचलं, "इमर्जन्सी मोड" म्हणते. बॅकअपची डिस्क काढून भावाला दिली आहे, पण तिचा काय संबंध?

कान_उघडे:
तिचाच संबंध आहे, अपडेटचा नाही. चालू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते एफएसटॅब फाइलमध्ये असते, त्यात तिची नोंद असेल. उबंटू सुरू करणारा प्रोग्राम, सिस्टमडी, तिची दीड मिनिट वाट पाहते आणि नाही मिळाली की इमर्जन्सी मोडमध्ये टाकते, तिथं डेस्कटॉपच नाही तर ऑर्का कुठून बोलणार. डिस्क आणा, जोडा, चालू करा. ऑर्का बोलला की टर्मिनलमध्ये सुडो नॅनोने (अ‍ॅडमिनच्या हक्काने एडिटर) ईटीसी फोल्डरातली एफएसटॅब उघडा, त्या डिस्कच्या ओळीत चौथ्या रकान्यात डिफॉल्ट्स असेल त्याला चिकटून स्वल्पविराम आणि नोफेल लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी अडणार नाही. मधे स्पेस गेली तर रकाने सरकतात, म्हणून ऑर्काच्या सेटिंगमध्ये विरामचिन्हं 'ऑल'वर ठेवा, नाहीतर तो स्वल्पविराम गिळून टाकते. सेव्ह केल्यावर फाइंडमाउंट, स्पेस, डॅश डॅश व्हेरिफाय ही फाइल तपासणारी कमांड चालवा, चूक असली तर तिथंच ओरडते.

संत्रा_टर्मिनल:
बोलला भाऊ बोलला!! नोफेल टाकलं, डिस्क काढून पण चालू करून पाहिला, थोडा थांबते पण येते बरोबर. ग्रब आला हे आवाजाने कळायची काही सोय आहे का?

ग्रबवाला:
हे मला माहीत आहे 😀 ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब फाइल आहे, त्यात ग्रब-इनिट-ट्यूनच्या ओळीसमोरचा हॅश काढा, 480 440 1 आधीच लिहिलेलं असते, मग सुडो अपडेट-ग्रब. पीसी स्पीकर असेल तर टूं वाजते, काही नवीन लॅपटॉपमध्ये नसते वाजत. आणि सिस्टमडीचं त्या डिस्कची वाट पाहणं 10 सेकंदांवर आणायला एफएसटॅबमध्ये नोफेलला चिकटून स्वल्पविराम, मग एक्स-सिस्टमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउट इक्वल टू 10.