नुकसान किती, हे ठरवायला पंच हवाच! (विमा क्लेम)

टॉवेलवाला:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेव्हण्याच्या गोडाऊनला शॉर्टसर्किटनं आग लागली. क्लेम टाकला 36 लाखांचा, विमा कंपनीनं पाठवलेल्या सर्व्हेअरनं आणून ठेवला 21 वर. म्हणे धुराचा वास मारणारे टॉवेल धुऊन विकता येतील. अहो कोण घेतंय? अमेरिकेत पॉलिसीत अप्रेझल क्लॉज असतो, कंपनी आणि ग्राहक दोघांनी आपापला अप्रेझर (नुकसानीचा आकडा काढणारा) द्यायचा, त्या दोघांनी मिळून अंपायर म्हणजे पंच निवडायचा, तिघातले दोघं ज्या आकड्यावर सही करतील तो फायनल, कोर्टाची भानगडच नाही. आपल्याकडं का नको?

कोर्टकचेरी:
भानगड नाही कशी? तिकडं या क्लॉजवरूनच भांडतात. टेक्सासात 2003 च्या गारपिटीत एका बाईचं छप्पर गेलं. कंपनी म्हणे फक्त वरची कड खराब, साधारण 500 डॉलर. तिचा माणूस म्हणे अख्खं छप्पर बदला, 13 हजारांच्या वर. मग हा वाद रकमेचा, की पॉलिसीत काय बसतं त्याचा? अप्रेझल करायचं की नाही एवढंच ठरायला 2009 उजाडलं, तेही राज्याच्या सुप्रीम कोर्टात.

मागवाला:
आणि आपल्याकडं फायर पॉलिसीत आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद, होतं की! पण कंपनीनं जबाबदारी मान्य केली आणि वाद नुसत्या रकमेचा असला तरच. क्लेमच नाकारला की क्लॉज गेला उडत. 2023 ला विमा नियामक आयआरडीएआयनं घरगुती पॉलिसीतून तो काढला, धंद्याच्या पॉलिसीत दोघं राजी असतील तरच वेगळा करार. बरंच झालं, पंचाच्या फीला कोण पुरणार. सरळ ग्राहक आयोगात जा, सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे हे आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलेलंय.

टॉवेलवाला:
आयोगात तारखा कोण मोजणार? पंच निदान गोडाऊनला येऊन माल हातात घेऊन बघेल.

खतावणी:
एक विचारू? विमा कितीचा, आणि आगीच्या दिवशी माल कितीचा होता?

टॉवेलवाला:
विमा 40, माल 60. दिवाळीचा स्टॉक भरला होता ओ.

खतावणी:
मग ॲव्हरेज लागला की, म्हणजे विमा मालापेक्षा कमीचा असला की भरपाई त्याच प्रमाणात कापतात. 36 चे तिथंच 24 झाले. म्हणजे तुमचं भांडण 15 लाखांचं नाही, 3 लाखांचं. अंपायर आला तरी हे गणित तेच राहणार.

टॉवेलवाला:
3 तर 3. पण ते धुऊन विकायचं डोक्यातून जात नाही माझ्या. एक टॉवेल दोनदा धुऊन गॅलरीत टाकलाय, बायकोनं खिडकी लावून घेतलीय.