रोझिक्रुशियन बंधुसंघ खरोखर अस्तित्वात होता का?

सायली_वाचते:
युरोपच्या इतिहासात रोझिक्रुशियन या गुप्त बंधुसंघाचा उल्लेख वारंवार येतो. कोणी त्याचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये सांगतात, तर कोणी ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्झ या जर्मन साधकाला संस्थापक मानतात. यातले खरे काय, आणि ही मंडळी मानत तरी काय होती? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_पोथी:
इजिप्तचा दावा बराच नंतरचा असल्याने तो बाजूला ठेवावा. छापील पुरावा सुरू होतो तो १६१४ साली कासेल येथे निघालेल्या ‘फामा’ या निनावी जाहीरनाम्यापासून. दुसरा जाहीरनामा १६१५ साली आला. त्यांतल्या कथेप्रमाणे रोझेनक्रॉइट्झ १३७८ साली जन्मले, अरबस्तान, इजिप्त आणि मोरोक्कोतील फेझ येथे विद्या शिकले, परत येऊन त्यांनी मोजक्या सोबत्यांसह संघ स्थापला आणि ते १०६ वर्षे जगले. मृत्यूनंतर १२० वर्षांनी सापडलेली त्यांची समाधी सात भिंतींची होती. प्रत्येक भिंत पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच, आणि आत सूर्यप्रकाश येत नसूनही उजेड होता, असे वर्णन आहे. मला मात्र त्यांचे नियम अधिक मोलाचे वाटतात: रुग्णांवर विनामूल्य उपचार करावेत, वेगळा वेष करू नये, वर्षातून एकदा एकत्र यावे, आपला वारस स्वतः निवडावा आणि संघ शंभर वर्षे गुप्त ठेवावा. निसर्ग हाही ईश्वराचाच ग्रंथ आहे आणि धर्मसुधारणेबरोबर विद्येचीही सुधारणा व्हायला हवी, ही त्यामागची श्रद्धा होती.

सायली_वाचते:
मनःपूर्वक आभार. मग ही मंडळी कोणाला प्रत्यक्ष भेटली होती का?

अभ्यासक_सातारा:
१६१४ पूर्वी असा संघ होता याचा विश्वसनीय पुरावा नाही. बहुतेक अभ्यासक या लेखनाचा संबंध ट्युबिंगेनमधील टोबियास हेस आणि योहान व्हॅलेंटिन आंद्रेए यांच्या मित्रमंडळाशी जोडतात. रोझेनक्रॉइट्झच्या नावाने १६१६ साली स्ट्रासबुर्गला निघालेली अद्भुतकथा आपलीच असल्याचे आंद्रेए यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. तरीही याला केवळ थोतांड म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण जाहीरनाम्याने युरोपातील विद्वानांना साद घातली आणि रॉबर्ट फ्लड, मिखाएल मायर यांच्यासारखे वैद्य त्याच्या बाजूने उघडपणे लिहू लागले. १६२३ साली पॅरिसच्या भिंतींवर संघाच्या नावाची पत्रके झळकली, तेव्हा शहरात खळबळ उडाली. प्रत्यक्ष सभासद असलेल्या संघटना मात्र पुढे उभ्या राहिल्या. अठराव्या शतकातील जर्मन ‘सुवर्ण रोझिक्रुशियन’ पंथात तर प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्हेल्मही होता.

जुनी_पोथी:
सहमत आहे. खुद्द कथेतही एक खूण आहे. तिच्या हिशेबाने समाधी १४८४ च्या सुमारास बंद झाली. पण आत सापडलेल्या ग्रंथांत पॅरासेल्सस या स्विस वैद्याचा शब्दकोश असल्याचे ‘फामा’ सांगते, आणि पॅरासेल्सस यांचा जन्मच त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाला.