डीप पर्पलचा पहिला आवाज : रॉड एव्हन्स तुम्हाला कुठे भेटला?

बेसूरसम्राट
काल मुलाच्या प्लेलिस्टमध्ये अचानक 'हश' लागलं. म्हटलं, अरे हे डीप पर्पल! तो म्हणे, शक्यच नाही बाबा, ह्यात किंचाळणं कुठेय? पोराचं बरोबर होतं, किंचाळणारा इयन गिलन नंतर आला. ह्या इंग्लिश रॉक बँडचा पहिला गायक रॉड एव्हन्स.

हॉस्टेलला आमच्याकडे एक भरून आणलेली कॅसेट होती, वर बॉलपेनने नुसतं 'पर्पल जुनं' असं लिहिलेलं. बाकी सगळ्यांना इयन गिलन हवा असायचा, त्यामुळे ती कॅसेट कायम माझ्या वाट्याला. रॉडचा आवाज मऊ, खालच्या पट्टीतला, प्रेमगीतांकडे झुकणारा. तिसऱ्या अल्बमच्या शेवटी 'एप्रिल' आहे, बारा मिनिटांहून लांब. आधी ऑर्गन आणि गिटार, मग ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डने लिहिलेला वाद्यवृंदाचा तुकडा, आणि रॉड येतो थेट शेवटच्या भागात. तोवर खोलीतले बाकीचे घोरत असायचे, त्यामुळे तो माझ्या एकट्यासाठीच गातोय असं वाटायचं.

'हश' 1968 मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, घरी इंग्लंडात मात्र कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग क्रीम ह्या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवणं, साधारण वर्षभरात तीन अल्बम, आणि 1969 च्या जुलैत रॉड आणि बेसवाला निक सिम्पर दोघेही बाहेर.

तुम्ही कसा ऐकलात त्याला? दुसऱ्या कुठल्या बँडचा पहिला गायक असेल तरी चालेल. लिहा.

तिसरा_कप
गिलन. विषय संपला.

बेसूरसम्राट
@तिसरा_कप तुमच्यासारख्यांमुळेच धागा काढावा लागला.

ढोलकीवाली
मी स्वतःच पहिली गायिका आहे :) कॉलेजचा बँड, नाव सांगत नाही, अजून सगळे एकमेकांच्या लग्नाकार्यांना भेटतात. शनिवारी सराव नसतो असं मला सांगितलं होतं. एका शनिवारी विसरलेली वही आणायला गेले तर आतून आमचंच गाणं ऐकू येतंय आणि गातेय दुसरीच. आत न जाता परत आले, वही तिथेच राहिली.

रॉडचं पुढे कधीतरी वाचलं तेव्हा हसूच आलं. दिवसा हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गिलनला घेऊन नव्या गाण्यांचा सराव, आणि रात्री ठरलेल्या कार्यक्रमांना स्टेजवर जुना रॉड! म्हणजे पद्धत तीच, फक्त आमच्याकडे ऑर्गन नव्हता. आणि खरं सांगू, नवी मुलगी माझ्यापेक्षा चांगली गायची. म्हणून तर जास्त लागलं.

खिडकीपाशी
अगं ढोलकीवाली!! वही आणलीस का मग नंतर?

ढोलकीवाली
नाही गं. त्यात माझ्या कविता होत्या, बरंच झालं.

पेडलतुटका
ह्या सगळ्यात मला कायम इयन पेस आठवतो. रॉड आणि तो आधी 'मेझ' नावाच्या बँडमध्ये एकत्र होते. गायक हवा अशी जाहिरात बघून रॉड ऑडिशनला गेला आणि ड्रमरही सोबत आला. डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर, त्याने ह्या ड्रमरला हॅम्बुर्गला वाजवताना आधी पाहिलेलं होतं, घेतला लगेच. स्थळ बघायला सोबत नेलेल्या मित्राचंच लग्न ठरावं तसं. रॉड वर्षा-सव्वा वर्षात बाहेर, आणि पेस डीप पर्पलच्या एकूण एक अल्बमवर आहे. दुसरा कुणीही नाही.

मी ड्रम वाजवतो म्हणून सांगत नाही, पण ड्रमर सहसा टिकतात. सामान कोण उचलणार पुन्हापुन्हा.

खिडकीपाशी
हश म्हणजे कुला शेकरचं ना? आमच्या वेळी तेच होतं.

बेसूरसम्राट
त्यांनी 1997 मध्ये केलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळचं लिहिलंय जो साउथने, आणि 1967 मध्ये बिली जो रॉयलने गायलं होतं. म्हणजे त्या गाण्यापुरता आपला रॉडसुद्धा पहिला नाही.

खिडकीपाशी
कुला शेकर म्हणजे तेच 'गोविंदा जय जय'वाले. माझी आई भजन समजून टाळ्या धरायची आणि मग गिटार सुरू झाली की वाकडं तोंड. पण पुढच्या वेळी परत टाळ्या!

ढोलकीवाली
आई रॉक.

आजीचा_नातू
कुणीच रॉडच्या पुढच्या बँडचं, कॅप्टन बियॉन्डचं नाव काढलं नाही?? रॉड मऊ पडायचा म्हणणाऱ्यांनी 1972 चा पहिला अल्बम ऐका. आयर्न बटरफ्लाय बँडमधले ऱ्हायनो आणि ली डॉर्मन, जॉनी विंटरकडे वाजवलेला बॉबी काल्डवेल ड्रमवर. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही, मात्रा मोजायला गेलात तर बोटं संपतील. आणि ह्या सगळ्या धुमश्चक्रीत रॉड शांतपणे गातो, आवाज चढवत नाही. तीच गंमत आहे त्याची. मोठ्या भावाने रात्रीच्या प्रवासात गाडीत लावला होता, मी मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन सगळा ऐकला. भावाला कळलं असतं तर बंद केलं असतं, त्याचं सगळं संगीत 'मोठ्यांचं' असायचं. 1973 मध्ये दुसरा अल्बम आला आणि रॉड तिथूनही गेला.

तिसरा_कप
बरं, ऐकतो. भांडी झाल्यावर.

रात्रपाळी
मी श्वसनोपचार विभागात काम करते आणि रॉडने गाणं सोडल्यावर हेच काम केलं हे कळल्यापासून मी त्याची पंखा आहे. गाणी नंतर ऐकली. खरंच, आधी नोकरी कळली, मग गाणी!

गायकाला श्वास शिकवावा लागत नाही, पण आमच्या कामात समोरच्याचा श्वास ऐकावा लागतो. ट्यूबमध्ये कफ साठला की आवाज बदलतो, मशीन बोंबलायच्या आधी कानाला कळतं. त्याचे कान तयारच असणार. माझ्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मग तो ड्युटीवर गुणगुणायचा का? मी म्हटलं, तू गुणगुणतोस तेच पुरे आहे. पुढचं नंतर लिहिते, बोलावतायत.

खडूस_वकील
एवढं हळवं होताय तर 1980 पण काढा की. बाकी सगळे नवे वादक घेऊन रॉडने 'डीप पर्पल' नावाने मेक्सिको, अमेरिका, कॅनडात कार्यक्रम केले. क्यूबेकमध्ये प्रेक्षकांनी दंगा केला. लाँग बीचच्या कार्यक्रमाआधी तर कोण कोण येणार *नाही* ह्याची जाहिरात पेपरात द्यावी लागली! मग कोर्टाने 6 लाख 72 हजार डॉलरचा दणका दिला आणि त्याची पहिल्या तीन अल्बमची रॉयल्टीही गेली.

आमच्याकडे भागीदारीतून बाहेर पडलेले लोक जुन्या फर्मच्या लेटरहेडवर पत्रं पाठवतात. सगळे हेच म्हणतात, 'नाव मीच मोठं केलं होतं साहेब.' मोठं केलं असेल, पण म्हणून ते तुमचं होत नाही.

पेडलतुटका
कायदा मान्य. पण 1976 मध्ये बँडच मोडला होता, नाव पडूनच होतं. आणि रॉयल्टी घ्यायची म्हणजे फार झालं.

खडूस_वकील
पडून असलेल्या घरात आपण राहायला जातो का? तिकीट काढणारे ब्लॅकमोरला बघायला आले होते. त्यांच्या बाजूने पण बोला कुणीतरी.

ढोलकीवाली
मी बोलले असते, पण मी पहिल्या गायकांच्या युनियनमध्ये आहे.

तिसरा_कप
एसी/डीसीचा पहिला गायक बॉन स्कॉट नाही, डेव्ह एव्हन्स. हाही एव्हन्सच, नातं काही नाही. 31 डिसेंबर 1973 ला सिडनीच्या चेकर्स क्लबमधल्या कार्यक्रमात तोच गायला. 1974 मध्ये त्याच्या आवाजात सिंगल निघालं, त्याच वर्षी बॉन आला आणि 1975 मध्ये तेच गाणं बॉनने पुन्हा गायलं. तेच गाणं!! दुसरं मिळालं नाही?

ऑफिसच्या क्विझमध्ये हे उत्तर मी दिलं होतं. चूक धरलं. परीक्षक म्हणाले, 'आमच्या कागदावर बॉन आहे.' अजून त्या माणसाशी लिफ्टमध्ये बोलत नाही.

आजीचा_नातू
हाहाहा. लिफ्टमध्ये कुणाशीच बोलू नये पण.

खिडकीपाशी
पहिले गायक परत पण येतात. ब्लॅक सॅबथ बँडचा पहिला गायक ऑझी ऑस्बॉर्न, त्याला 1979 मध्ये बँडने काढला आणि 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर चौघे मूळचे एकत्र. हा सिंहासनावर बसून गायला. 22 जुलैला गेला. मी ते बघताना पोळ्या करत होते, दोन करपल्या.

बेसूरसम्राट
ते नको आठवून देऊ गं.

रात्रपाळी
आले परत. 2016 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलला घेतलं, त्यात रॉडचं नाव होतं. तो आलाच नाही. मला तरी ते आवडलं.

पेडलतुटका
आणि निक सिम्परचं नावच नाही! दोघांना एकाच वेळी काढलं, तीनही अल्बमवर दोघेही, मग एकाला मान आणि दुसऱ्याला काहीच नाही?

खडूस_वकील
बेसिस्ट होता ना.

पेडलतुटका
सम्राट, सिम्परसाठी वेगळा धागा काढा.

बेसूरसम्राट
काढतो की. पण बेसिस्टच्या धाग्यावर येणार कोण?

आजीचा_नातू
मी. मी बेस वाजवतो.

बेसूरसम्राट
ठीक, एक प्रतिसाद धरतो.