वजन जास्त आहे म्हणून सिझरच होणार का? (इंदूर, पहिलं बाळंतपण)

सुदामानगरची_सून:
नमस्कार ताई लोक, मला २८ वा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे. उंची ५ फूट २ इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ७८ होतं, आता ८४. परवा शेजारच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या एवढ्या वजनात नॉर्मल होतच नाही, सिझरचे पैसे बाजूला काढून ठेवा, तेव्हापासून झोप उडालीये. सासूबाई म्हणतात दोन जिवांची आहेस आणि पोळीवर तूप ओततात, आई फोनवर म्हणते भात बंद कर. डॉक्टरांकडे इतकी गर्दी की विचारायचं राहूनच जातं. वजनाने कळांवर नक्की काय फरक पडतो? आत्ता डाएट करून ४-५ किलो उतरवलं तर फायदा होईल का?

रामबागवाली:
आत्ता वजन उतरवायच्या मागे अजिबात लागू नकोस, बाळाला त्रास होईल. माझं वजन तुझ्यापेक्षा जास्त होतं आणि नॉर्मल झालं, पण खोटं कशाला सांगू, वेळ खूप लागला. दवाखान्यात सारखं कुणीतरी येऊन म्हणायचं अजून काहीच नाही का, त्याने जीव जास्त खचला. नाव घेत नाही. बाळाचे ठोके छान होते म्हणून आमच्या मॅडम थांबल्या. काकूंचं बोलणं सोडून दे गं, त्यांना सांगायला काय जातं.

लेबररूम_सिस्टर:
मी इथेच लेबर रूममध्ये नर्स आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिझरची शक्यता वाढते हे खरं आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३० च्या वर असेल तर साधारण दुपटीच्या आसपास, पण ‘होणारच’ हे साफ चूक. तुझा सुरुवातीचा बीएमआय ३१ च्या आसपास येतो.

फरक मुख्यतः पिशवीचं तोंड उघडताना पडतो. ४ ते ७ सेंटिमीटरचा टप्पा जास्त वजनाच्या बाईत हळू सरकतो, कळांची ड्रिपही कधी जास्त लागते, आणि वेळेआधी कळा आणवल्या तर त्या लागू न पडण्याचं प्रमाणही जास्त. एकदा तोंड पूर्ण उघडलं की जोर लावायच्या वेळात फारसा फरक नसतो. म्हणजे अडतं ते बहुतेक आधीच, आणि तिथेच धीर सुटून सिझर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कळांचा जोरदार टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरायचा आणि तासाला १ सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. आई-बाळ ठीक असतील तर ‘अजून थोडं थांबता येईल का’ हे नवऱ्याने शांतपणे विचारावं, त्यात काही वाईट नाही. पण ठोके बिघडले की मग मात्र अजिबात वाद घालायचा नाही.

वाढीचं म्हणशील तर २००९ च्या अमेरिकन आकड्यांप्रमाणे बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो पुरेसे, तू ६ वर आहेस, मग उपाशी राहायचं कारणच नाही. वरण, भाजी, दही, मूग नीट खा, गोड आणि शेव कमी कर (इंदुरात राहून हे अवघड आहे, मला माहीत आहे), डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोज चाल. आणि शुगरची तपासणी झाली का गं? ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात. वजनापेक्षा मला हिची जास्त काळजी वाटते, कारण शुगर वाढली की बाळ मोठं होतं आणि डोकं बाहेर येऊन खांदे अडकायची भीती असते. बीपी प्रत्येक वेळी बघून घे. डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं तर सकाळची वाट बघू नका.

टिळकनगर_आई:
माझं उलट होतं, दिवस राहिले तेव्हा मी ४१ किलोची. सगळे म्हणायचे बारीक आहे, पटकन सुटेल. बाळ अडीच किलोच्या आतलं झालं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. कमी वजनालाही बाळ लहान राहायची, लवकर व्हायची भीती असते, त्यामुळे कुणाचं ऐकून भात सोडू नकोस.

सुदामानगरची_सून:
ताई खूप खूप आभार, रडूच आलं वाचून. शुगरची तपासणी झालेली नाही, उद्याच विचारते. अजून एक, कळांचं दुखणं कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन मला देता येतं का? काकू म्हणाल्या जाड बाईला सुई सापडत नाही.

लेबररूम_सिस्टर:
देता येतं. मणक्यामधली जागा हाताला लवकर लागत नाही म्हणून वेळ जातो, कधी दोनदा टोचावं लागतं, इतकंच. म्हणूनच ३४-३५ व्या आठवड्यात भूलतज्ज्ञांना एकदा पाठ दाखवून ये आणि कळा फार वाढायच्या आत पाठीत औषधाची बारीक नळी घालून घे. घाईत सिझर करायची वेळ आली तर त्याच नळीतून भूल देता येते, पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही, जास्त वजनात ते टळलेलंच बरं. दवाखाना ठरवताना दोनच गोष्टी विचार, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात आणि रक्ताची सोय कुठे आहे, कारण नंतर रक्तस्राव जास्त व्हायची शक्यता असते. बाळंत झाल्यावर लवकर उठून चालायचं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. दूध यायला एखादा दिवस उशीर झाला तर लगेच वरचं सुरू करू नका, सिस्टरला बोलवून बाळ नीट लावून घ्या. उद्या रिपोर्ट आला की इथे आकडा टाक.