मदत हवी आहे: डेडलिफ्टमध्ये सरकलेली डिस्क आणि कायरोप्रॅक्टर

जिममधल्या ३४ वर्षांच्या सभासदाला डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) करताना कंबरेत उसण भरली. एमआरआयमध्ये एल५-एस१ची (कंबरेच्या अगदी खालच्या मणक्याखालची) डिस्क सरकून डावी एस१ नस (तिथून पायात उतरणारी) दबलेली दिसते. कळ पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत जाते, पण डाव्या एका पायावर टाच २० वेळा उचलता येते, म्हणजे ताकद शाबूत आहे. लघवी-शौचावर ताबा आहे, बैठकीच्या जागी बधिरपणा नाही. (असता तर इथे न विचारता थेट इमर्जन्सीत नेलं असतं.) सर्जनच्या मते ६ ते १२ आठवडे थांबायला हरकत नाही.

सध्या पालथं झोपून हातांवर छाती उचलणं, एका वेळी १०. कळ पायातून कंबरेकडे सरकली तर चालू ठेवायचं, पायात खाली उतरली तर बंद. सोबत बर्ड-डॉग (ओणव्याने एक हात आणि विरुद्ध पाय ताणून धरणं), साइड प्लँक (कुशीवर कोपरावर शरीर उचलून धरणं), १०-१० सेकंद.

कायरोप्रॅक्टर (हातांनी मणक्यांवर उपचार करणारे) कुशीवर वळवून झटका द्यायचा म्हणतात. नस दबलेली असताना कंबरेला पीळ देणं मला पटत नाही. फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन टेबलवरचा (कंबर हळूहळू वाकवून ताणणारं, दुभागलेलं टेबल) हळुवार ताण बरा वाटतो. पुणे-पिंपरीत असं टेबल कुणाकडे आहे? आणि अशा केसमध्ये गुडघ्याच्या उंचीवरून रॅक पुल (स्टँडवर ठेवलेला बार उचलणं, म्हणजे अर्धी डेडलिफ्ट) तुम्ही कोणत्या खुणेवर सुरू करता: कळ पूर्ण थांबल्यावर, की सरळ पाय उचलण्याची चाचणी (उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलून कळ येते का बघणं) दोन्हीकडे सारखी झाल्यावर?