विटा (दोरी बांधलेला भाला) चालवणाऱ्या पात्राला रेस (वंश) कोणती?

प्रश्न: राजारामपुरीत नवा गट जमतोय, डी अँड डी ५ (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं रंगवत खेळायचा फाशांचा खेळ, २०१४ चे नियम). एकाला मर्दानी खेळातला गडी हवाय: हातात दोरीचा विटा, अंगावर चिलखत नाही. पात्राच्या सहा गुणांचे आकडे ठरलेले, १५, १४, १३, १२, १०, ८. रेस आणि क्लास (पेशा) यांची जोडी सुचवा.

उत्तर १: भावा, रेस हाफ-ऑर्क, क्लास बार्बेरियन (संतापून लढणारा). स्ट्रेंग्थ (ताकद) १५+२, डेक्स (चपळाई) १४, कॉन (दमखम) १३+१, वरचे आकडे रेसचे. एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १० + डेक्सचे २ + कॉनचे २ म्हणजे १४. एचपी (जीव) शून्यावर आला तरी लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) एकदा १ एचपीवर तगतो. क्रिटला (फाशावर २० पडल्यावर) हत्याराचा एक फासा जादा मिळतो, पण तो जवळच्या वारालाच. विटा फेकला की तो फासाही नाही आणि रेजचे (संतापाचे) +२ डॅमेजही नाही. इथंच सगळे चुकतात.

उत्तर २: म्हणूनच फेकायचंच असेल तर रेस वुड एल्फ, क्लास मंक (चपळाईनं लढणारा साधू). भाला मंकचं हत्यार आहे, डेक्सवर चालतो, फेकतानासुद्धा. डेक्स १७, विस्डम (शहाणपण) १५, एसी १५. वेग ३५ फूट, दुसऱ्या लेव्हलला ४५. एचपी मात्र कमी, घोळक्यात शिरू नये.

उत्तर ३: दोरीचं आधी ठरवा. नियमात फेकलेला भाला पडतो तिथंच राहतो. आमच्या टेबलावर दोरी २० फूट, ओढून घ्यायला बोनस ॲक्शन (फेरीत एकदाच मिळणारी जादा कृती). मंकचा जादा ठोसाही बोनस ॲक्शनवरच असतो, त्यामुळे त्या फेरीत दोन्हीपैकी एकच.

प्रश्नकर्ता: मग वुड एल्फच. दोरीचा नियमही हाच घेतो.