परदेशी पेटंट: पीसीटी की थेट त्या त्या देशात?

फाउंड्रीवाला: ऊस लागणीच्या यंत्रासाठी आम्ही एक डोळा कांडी पकडणारा चिमटा बनवलाय. भारतात अर्ज टाकून आठ महिने झाले. परदेशात गिऱ्हाईक दिसतंय ते ब्राझील आणि थायलंडमध्ये. पेटंट एजंट म्हणतो, पीसीटी करा, म्हणजे आधी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज टाकून देश नंतर निवडायचे. माझं मत, दोनच देश असताना तो खर्च कशाला? पेटंटविषयीच्या पॅरिस कराराप्रमाणे 12 महिन्यांच्या आत थेट अर्ज टाकले तरी भारतातली तारीख तिकडे मिळतेच, म्हणजे तिकडचा अर्जही त्याच तारखेचा धरतात.

ऊसपट्टा: सहमत. पीसीटीनं पेटंट मिळत नाही. शेवटी पोर्तुगीज आणि थाई भाषांतर, तिथला वकील, तिथली फी हे चुकत नाहीच.

दावा_क्र_1: अजिबात पटलं नाही. यंत्र तिकडे खपेल की नाही हे कळायच्या आधीच चार महिन्यांत एवढे पैसे ओतायचे? पीसीटीत हाच खर्च भारतातल्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 30 महिन्यांपर्यंत पुढे जातो. असं काही आधीच कुणी केलंय का, हे तपासणारा शोध अहवाल साधारण सोळाव्या महिन्यात हातात येतो. आपलं पेटंट कार्यालयही 2013 पासून तो देतं. त्यात जुनं काही आडवं आलं, तर भाषांतराचे पैसे वाचले. आणि अर्जदार सगळे व्यक्ती असतील, कंपनी नसेल, तर 1330 स्विस फ्रँकची आंतरराष्ट्रीय फी 90 टक्के कमी होते. एजंटनं हे सांगितलं का?

फाउंड्रीवाला: नाही. अर्ज माझ्या आणि भावाच्या नावावर आहे. पण तोवर तिकडे कुणी नक्कल केली तर?

ऊसपट्टा: तेच म्हणतोय मी. पेटंट मंजूर झाल्याशिवाय दावा लावता येत नाही. त्या देशात अर्ज उशिरा नेलात की मंजुरीही उशिरा.

दावा_क्र_1: 30 महिने ही शेवटची मुदत आहे. ऑर्डर आली की त्याआधीही त्या देशात अर्ज नेता येतो.

फाउंड्रीवाला: अजून एक. चिमट्याला नंतर स्प्रिंग बसवली, ती अर्जात नाही.

दावा_क्र_1: मग आधी तिचं बघा! तिला जुनी तारीख मिळणार नाही. कुणाच्या शेतात चालवून दाखवली नसेल तर दाखवू नका, लगेच भारतात दुसरा अर्ज टाका. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 39 प्रमाणे त्यानंतर परदेशी अर्जासाठी सहा आठवडे थांबावं लागतं, नाहीतर परवानगी काढावी लागते. मग दोन्ही तारखा सांगून एकच पीसीटी करा.

ऊसपट्टा: स्प्रिंगचं पटलं, ते आजच करा. पण ब्राझीलची ऑर्डर पक्की असेल तर तिथे मी अजूनही थेटच जाईन.